कापूर पेटला की फाटक पडतं

फोंड्याजवळच्या एका घरात पाच दिवसांचा गणपती असतो. त्या घरातले अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी वास्को ते कुळे या पट्ट्यात काढली, तीही मीटरगेज असताना. कुवेतला असलेल्या मुलाने नातवासाठी रेल्वेचा संच पाठवला: एक इंजिन, तीन डबे, अंडाकृती मार्गाचे रूळ आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. जुलैच्या एका पावसाळी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "यंदा चवथीच्या देखाव्यात गाडी फिरवायची आहे. गाडी आहे, बाकी काहीच नाही. स्टेशन पाहिजे, सिग्नल पाहिजे, फाटक पाहिजे. आणि सगळ्यात दिवे पाहिजेत. तू कर."

माझं काम एरवी मिक्सर, इन्व्हर्टर आणि दिवाळीच्या आधी नरकासुराच्या डोळ्यांतले दिवे. खेळण्यातल्या रेल्वेला मी कधी हात लावला नव्हता. तरी हो म्हटलं, कारण एलईडी आणि रेझिस्टर म्हणजे रोजचाच धंदा, त्यात काय चुकणार असं वाटलं. जे जे चुकलं ते इथे लिहून ठेवतो आहे. चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच होतं. मी सगळं माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बनवलं आणि तपासलं. ते राहणार होतं समईच्या उजेडात.

अण्णांची यादी अशी: फलाटावर चार दिवे, स्टेशनच्या खोलीत उजेड, तेलाच्या दिव्याचा, खांबावर हलणारा हात असलेला एक जुना सिग्नल, लेव्हल क्रॉसिंगचं फाटक आणि शेजारी फाटकवाल्याची खोपटी, आणि मागे दूधसागर.

दूधसागर लगेच निकालात काढला. संच एचओ मापाचा होता, म्हणजे 1:87. धबधब्याची उंची 310 मीटर सांगतात. 87 ने भागली तर साडेतीन मीटर भरते, म्हणजे छप्पर फोडून वर जावं लागेल. मग मापाचा आग्रह सोडला आणि मागच्या पडद्यावर चुरगळलेल्या पारदर्शक प्लास्टिकचा दीड हाताचा ओघळ केला. त्याच्यामागे थंड पांढऱ्या एलईडी पट्टीचा वीस सेंटिमीटरचा तुकडा. ही पट्टी तीन-तीन एलईडींच्या गटातच कापता येते, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मापाची दुसरी गंमत अण्णांनी काढली. एचओ रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. 87 ने गुणलं की 1435 मिलिमीटर, म्हणजे युरोपातलं प्रमाण गेज. आपलं ब्रॉडगेज 1676 आणि मीटरगेज 1000. म्हणजे हे रूळ आपल्याकडच्या कुठल्याच गाडीचे नव्हेत. मीटरगेज समजायचं तर माप 1:60 होतं. "मग मीटरगेजच समज," अण्णा म्हणाले, आणि दिव्याचे खांब त्या मापाने करायचे ठरले. सहा मीटरचा खांब 1:87 मध्ये 69 मिलिमीटर होतो, 1:60 मध्ये 100. शेजारी 1:87 चे डबे उभे राहिल्यावर शंभराचा खांब ताडासारखा दिसू लागला, म्हणून शेवटी 80 वर तडजोड झाली. खेळण्यात मापापेक्षा नजर मोठी, हे तिथे पहिल्यांदा कळलं.

मुरगावहून कुळ्यावरून घाट चढून कॅसल रॉकला जाणारा तो मार्ग पोर्तुगीज काळातला. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने तो 1880 च्या दशकात बांधला, आणि 1990 च्या दशकात त्याचं ब्रॉडगेज झालं. घाटातला चढ 37 ला 1. नातवाला तोही चढ हवा होता. पण त्या चढाने रूळ 7 सेंटिमीटर उचलायला 2.6 मीटर लांबी लागते, आणि आमच्याकडे गणपतीच्या चौरंगापुढची जागा होती. मार्ग सपाट राहिला.

रुळावरची वीज

पहिला विचार आळशी माणसाचा होता. रुळांत वीज आहेच, तर दिवेही तिच्यावरच लावू. वायरी कमी, फलाटाखाली रुळाला दोन तारा जोडल्या की झालं.

या पद्धतीच्या गाडीत कंट्रोलर रुळांना शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत डीसी देतो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी उलट धावते. साहजिकच माझे दिवेही तसेच वागले. गाडी जोरात तेव्हा फलाट झगमगीत, हळू झाली की मंद, आणि स्टेशनात थांबली की काळोख. जिथे गाडी थांबावी म्हणून फलाट केला तिथेच ती थांबली की दिवे जात. नातू म्हणाला, "आमच्याकडे पण पावसात असंच होतं." उलट दिशेने गाडी सोडली तेव्हा दिवे लागलेच नाहीत. तेवढ्यावर भागलं नाही, कारण बहुतेक एलईडी उलट्या बाजूने पाच व्होल्टच्या वर सोसायला बनलेले नसतात. दोन तिथेच गेले. मोटरच्या ब्रशांतून उडणाऱ्या झटक्यांचाही त्यात हात असावा.

डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर घालून दिशेचा प्रश्न सुटला असता, थांबण्याचा नाही. म्हणून रूळ गाडीला आणि दिव्यांसाठी वेगळी बारा व्होल्टची जोडतार, असा फाटा केला. मार्गाखालून लाल-काळी दोन कोर वायर फिरवली आणि प्रत्येक वस्तू तिला चिकटवली. वीज ॲडॅप्टरची नाही, यूपीएसमधल्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर बॅटरीची. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, ओल्या फांद्या, टपकणारी फळं, खाली मुलं, तिथे 230 व्होल्ट जितके लांब तितकं बरं. सगळा खर्च मिळून दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे बॅटरी हिशोबाने चाळीस तास पुरावी. बॅटरीच्या तोंडाशी अर्ध्या अँपिअरचा फ्यूज.

पेट्रोलपंप

फलाटाचे दिवे करायला सर्वांत मजा आली. तीन मिलिमीटरचा साधा एलईडी 87 पट केला तर 26 सेंटिमीटरचा होतो. खांबावर बादली टांगल्यासारखं दिसतं. म्हणून 0603 आकाराचा चपटा एलईडी घेतला, 1.6 बाय 0.8 मिलिमीटरचा. त्याला सोल्डर करायला केसासारखी इनॅमलची तांब्याची तार लागते. ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे रिळाच्या शेवटी उरलेली मिळते. मला त्याने फुकट दिली आणि वर विचारलं, "कुठला पंखा आहे एवढा बारीक?" खांब पितळी नळीचा. नळीच ऋण तार, आतून जाते ती धन. त्यामुळे बाहेर एकही तार दिसत नाही. इनॅमल मात्र नळीच्या काठावर खरवडलं गेलं की शॉर्ट होतं, म्हणून काठ घासून गुळगुळीत करावा लागतो. मी पहिल्या खांबाला तो केला नाही.

रेझिस्टरचा हिशोब सोपा. बारा व्होल्ट पुरवठा, पांढरा एलईडी तीन खातो, राहिले नऊ. एक किलोओहम घातला तर नऊ मिलिअँपिअर. दुकानात ट्यूबखाली छान दिसले, स्वच्छ, ठळक.

चवथीच्या आदल्या रात्री मांडणी झाली आणि वीज गेली. घरात समई आणि माझं स्टेशन. फलाटाकडे बघवेना. अण्णांची सून म्हणाली, "हे स्टेशन नव्हे, पेट्रोलपंप आहे." खरंच होतं. चकाकत्या चार ठिपक्यांमुळे खालचा फलाट, बाकं, पाटी काहीच दिसत नव्हतं. उलट स्टेशनच्या भिंतीतूनच उजेड गळत होता, कारण पुठ्ठा आतून काळा न करता मी थेट पांढरा रंगवला होता. उजेड खिडकीतून दिसला पाहिजे, भिंतीतून नाही. ट्यूबखाली हे दिसलंच नव्हतं.

त्याच रात्री बॅटरीच्या टॉर्चवर सगळे रेझिस्टर बदलले. एक किलोओहमच्या जागी दहा, म्हणजे एक मिलिअँपिअरच्याही आत. वीज दहाव्या हिश्श्यावर आली तरी डोळ्याला उजेड दहा पटीने कमी वाटला नाही. स्टेशनला आतून काळा रंग, त्यावर खिडक्यांना बटरपेपर. जुन्या गोवेकर घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात ना, तसा दुधट उजेड आला. हे मुद्दाम केलेलं नव्हतं.

रंगाचं सांगायचं तर गरम पांढरा म्हणून विकतात तो एलईडी साधारण 2700 ते 3000 केल्विनचा असतो. तेलाची वात त्याहून बरीच तांबूस, 1900 च्या आसपास. समईशेजारी माझे गरम दिवेसुद्धा गार वाटत होते. काचेवर चित्रं काढायचा पारदर्शक पिवळा-नारिंगी रंग एक-एक थेंब लावला, मग जमलं. जुने 12 व्होल्टचे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब रंगाला याहून सरस असतात. पण ते 60 मिलिअँपिअर खातात, म्हणजे पाऊण वॅटला थोडं कमी, आणि सगळी जवळजवळ उष्णताच. पुठ्ठ्याच्या बंद खोलीत, कापसाच्या ढगाखाली ते लावायची माझी छाती नव्हती. माझा एलईडी तीन मिलिवॅट खातो.

पडलेला सिग्नल

सिग्नलवर मी सर्वांत जास्त दिवस घालवले आणि सर्वांत जास्त शिकलोही.

मी आधी दोन एलईडी बसवले होते, लाल आणि हिरवा, आणि हात नुसता शोभेचा. दाखवायला नेला तर अण्णा चष्मा वर करून बघत राहिले. "हा रंग तेलाच्या दिव्याचा नाही रे. हा आताच्या विजेच्या सिग्नलचा हिरवा." शिवाय हिरवा लालपेक्षा कितीतरी तेज होता. सारख्या विजेवर आजचा हिरवा एलईडी डोळ्याला लालपेक्षा फार तीव्र लागतो. रेझिस्टर बदलून तो कमी करता येतो, पण अण्णांचा आक्षेप वेगळाच होता.

मग त्यांनी समजावलं. जुन्या सिग्नलमध्ये दिवा एकच आणि तो हलत नाही. खांबाला घट्ट. हलतो तो हात, आणि हाताच्या मुळाशी दोन काचांची चौकट असते. हात आडवा असला की दिव्यापुढे लाल काच, हात खाली झुकला की हिरवी. आणि ती हिरवी काच हातात धरून बघितली तर हिरवी नसतेच, निळसर असते. मागची ज्योत पिवळी, म्हणून लांबून मिळून हिरवं दिसतं.

हे ऐकून मी दोन्ही एलईडी उपटले. एक गरम पांढरा एलईडी, पुढे फिरणारी चौकट, लाल भागात लाल जिलेटीन, दुसऱ्या भागात नाटकाच्या दिव्यांना लावतात त्या निळसर कागदाचा तुकडा. थंड पांढरा एलईडी मागे ठेवला तर निळंच दिसलं. गरम ठेवला, त्यावर तो नारिंगी थेंब, आणि हिरवं आलं. थोडं मळकट, पण तेलाच्या दिव्याचं. वायरी चारच्या दोन झाल्या. शंभर वर्षं जुनी रचना माझ्या नव्या रचनेपेक्षा साधी निघाली, याचं जरा वाईट वाटलं.

हात ओढायला खाली सर्वो मोटर, म्हणजे सांगितलं तेवढीच फिरणारी छोटी मोटर, आणि मध्ये तंगूस, मासे गरवायची. खऱ्या सिग्नलला पोलादी तार असते. अण्णांनी अट घातली: तार तुटली तर हात आपोआप आडवा, म्हणजे थांबा दाखवणारा, झाला पाहिजे. खाली पडणाऱ्या हाताच्या सिग्नलमध्ये काचांची चौकट हाताहून जड असते, तीच त्याला परत ओढून आडवा करते. माझी पुठ्ठ्याची चौकट हलकी होती. तिच्या मागे शिशाचा छोटा गळ-वजनाचा तुकडा चिकटवला आणि कात्रीने तंगूस कापून बघितली. हात आडवा झाला. अण्णांनी ती चाचणी पाहुण्यांना दाखवायला आणखी दोनदा करायला लावली, मला दरवेळी नवी तंगूस बांधावी लागली.

या हाताच्या खाली पडण्यावरूनच आपण "सिग्नल पडला" म्हणजे गाडी येते असं म्हणतो. रस्त्यावरच्या चौकात सिग्नल लागतो किंवा सुटतो, पडत नाही. हे माझ्या आधी कुणाच्या लक्षात आलं असेलच, माझ्या तेव्हा आलं.

एक गोष्ट मी स्वतः कधीच केली नसती. अण्णा म्हणाले, दिव्याच्या मागच्या बाजूला बारीक भोक पाड. सिग्नल आडवा असताना दिव्याचा बारीक पांढरा उजेड मागे स्टेशनकडे दिसतो, म्हणजे स्टेशनमास्तरला बसल्या जागी कळतं की दिवा जळतो आहे, वाऱ्याने विझला नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडलं. देखाव्यासमोर बसणाऱ्याला ते दिसतच नाही, गणपतीच्या बाजूने बघितलं तरच दिसतं.

फाटक

आता मुख्य प्रकरण.

फाटकाच्या दिव्यांबाबत मी परदेशी खेळण्यांसारखे आळीपाळीने लुकलुकणारे दोन लाल दिवे केले होते. अण्णा: "असं फाटक कुळ्यात कुठे पाहिलंस?" स्थिर लाल झाले, रस्त्याकडे तोंड करून. ते ठीक. प्रश्न होता तो गाडी आली हे फाटकाला कळायचं कसं.

अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीच्या तीन रुळांच्या गाड्यांत यासाठी फार सुंदर युक्ती आहे. बाहेरच्या दोन रुळांपैकी एकाचा तुकडा बाकीच्यांपासून वेगळा करतात. गाडीची धातूची चाकं आणि आस तो तुकडा पलीकडच्या रुळाला जोडतात. तेवढ्यात फाटकाचं सर्किट पूर्ण. गाडीच स्विच. 1935 मध्ये त्यांनी याच तत्त्वावर चालणारा फाटकवाला काढला. गाडी आली की तो खोपटीचं दार उघडून कंदील घेऊन बाहेर येतो. आमच्या दोन रुळांच्या गाडीत दोन्ही रूळ धन-ऋण म्हणून कामाला जुंपलेले, आणि चाकं एकमेकांपासून प्लास्टिकने वेगळी केलेली. ती युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही.

म्हणून मी बाजारात सहज मिळणारे इन्फ्रारेड सेन्सर घेतले. एक बारीक दिवा डोळ्याला न दिसणारे किरण सोडतो, शेजारचा फोटोडायोड परत येणारे किरण मोजतो. दोन स्लीपरच्या मध्ये वर तोंड करून बसवला. वरून डबा गेला की किरण परततात, फाटक पडतं. एक फाटकाच्या 80 सेंटिमीटर आधी, एक पुढे. गाडीचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर धरला तर चार सेकंद मिळतात, फाटक दोनात पडतं. दुकानात दोनशे फेऱ्या मारल्या. एकदाही चुकलं नाही.

चवथीच्या दुपारी पूजा सुरू झाली. गाडी बंद, कारण पूजेच्या वेळी खडखडाट नको. तरी फाटक मध्येच थरथरे, अर्धं खाली येई, वर जाई. मला वाटलं सर्वोला वीज कमी पडते, आणि मी मागे बसून कपॅसिटर शोधू लागलो. मग आरती. घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं, आणि तबकात कापूर. तबक उजवीकडून डावीकडे गेलं की फाटक धाडकन खाली. डावीकडून उजवीकडे गेलं की वर. पुन्हा खाली. सिग्नल फाटकाला जोडलेला, तोही तालात पडू लागला. अण्णांनी हट्टाने घालायला लावलेली अट होती ती: फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही. आता फाटक दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा बंद होत होतं आणि सिग्नल इमानदारीने त्याच्यामागे. मुलं हसून लोळली. शेजारची एक काकी जोरात म्हणाली, "पळय, फाटकवालोय आरती करता मरे!"

कारण सरळ आहे, नंतर सुचलं म्हणून सरळ. तेलाची किंवा कापराची ज्योत जेवढा उजेड देते त्याच्या कितीतरी पट इन्फ्रारेड ओकते. माझा सेन्सर किरण सतत सोडणारा आणि येईल तो किरण मोजणारा. हे किरण आपल्याच दिव्याचे की आरतीच्या तबकातले, हे त्याला ओळखता येत नाही. दुकानात ट्यूब आणि एलईडी बल्ब. त्यांत इन्फ्रारेड जवळजवळ नसतं. म्हणून दोनशे फेऱ्या बिनचूक. दोनशेच्या जागी दोन हजार मारल्या असत्या तरी ही चूक सापडली नसती.

रात्री दुरुस्ती. बाजार बंद. पर्याय दोन होते. पहिला, टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर, टीसॉप 1738. तो फक्त सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकणारे किरण मानतो, स्थिर ज्योतीकडे ढुंकून बघत नाही. पण त्याला तेच लुकलुकणं सतत दिलं तरी तो ते गोंगाट समजून दाबतो. थांबून-थांबून झटके द्यावे लागतात, त्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहायला हवा. दुसरा पर्याय दाराच्या अलार्ममधले रीड स्विच. काचेच्या नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटतात. उजेडाशी संबंधच नाही, आणि काचेत बंद असल्याने पावसाळी हवेत गंजत नाहीत. असे पाच माझ्याकडे पडून होते. त्यांची तार काचेजवळ वाकवली की काच तडकते. पक्कडीने तार काचेजवळ धरून मग पुढे वाकवायची असते. रात्री एक वाजता हे आठवेपर्यंत दोन तडकले. राहिले तीन, लागायचे दोन.

इंजिनाखाली आणि शेवटच्या डब्याखाली पाच मिलिमीटरची निओडिमियमची चकती चिकटवली. चकती रीडच्या अलीकडे असताना पात्या चिकटतात, बरोबर मध्यावर सुटतात, पलीकडे पुन्हा चिकटतात. म्हणजे एका चुंबकाचे दोन ठोके. प्रोग्रामला सांगितलं की एक ठोका आला की पुढचं एक सेकंद बहिरा हो.

फाटक उघडायचं कधी यावर दुसऱ्या दिवशी अण्णांशी वाद झाला. पहिला रीड इंजिन बघून फाटक पाडतो. फाटकापुढचा दुसरा रीड दोन चुंबकं मोजतो, इंजिनाचं आणि शेवटच्या डब्याचं, मग उघडतो. पण नातवाने मध्येच शेवटचा डबा उचलून खिशात घातला की दुसरं चुंबक येतच नाही आणि फाटक बंदच राहतं. मी वीस सेकंदांची सोय ठेवली होती: तेवढ्यात काही आलं नाही तर आपोआप उघड. अण्णांनी मान हलवली. "गाडीच्या शेवटच्या डब्याला एलव्हीचा, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'चा, बोर्ड असतो. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही गाडी पूर्ण आली असं लिहीत नव्हतो. डबा मध्ये कुठे राहिला असेल तर? फाटक उघडायचं नाही." मी म्हटलं, अण्णा, हा खेळ आहे. "मग खेळात चुकीचं कशाला शिकवतोस?" वीस सेकंदांची ओळ काढून टाकली. नातवाने डबा लपवला की फाटक बंद राहतं, लाल दिवे लागलेले राहतात, सिग्नल हलत नाही, आणि घरातलं कोणीतरी ओरडतं, "डबा दी रे!"

उरलेलं

बाकी चार दिवस बरे गेले. रुळांवर तुपाच्या आणि कापराच्या धुराचा काळा थर जमायचा आणि गाडी अडखळायची. रोज सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने रूळ पुसले. एका खांबाची इनॅमल तार नळीच्या काठाला लागून शॉर्ट झाली, तोच पहिला खांब. साहित्याचा खर्च बॅटरी सोडून 2,500 रुपयांच्या आत बसला. मजुरी अण्णांनी नेवऱ्यांत, म्हणजे करंज्यांत, दिली.

खरी अडचण विसर्जनाच्या आदल्या दिवशी आली. संध्याकाळच्या आरतीला शेजारची मुलं येऊन देखाव्यासमोर बसली आणि फाटक हललं नाही. "चवथीला करत होतं," एकाने तक्रार केली. पाहुणे ते पाहायलाच आले होते. नातू रडवेला झाला. अण्णांनीच मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तो जुना सेन्सर आहे का रे तुझ्याकडे अजून?"

होता. गाडीच्या सर्किटपासून अगदी वेगळा, चौरंगाच्या कडेला, पानात लपवून बसवला. अण्णांच्या अटीप्रमाणे तो सिग्नलला जोडलेला नाही, फक्त फाटकाला, आणि गाडी मार्गावर असताना त्याचं ऐकलं जात नाही. सेन्सरच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, तो फिरवून किती किरण आले की मानायचं हे ठरतं. समईने पडायला नको, कापराने पडायला हवं, यासाठी तो मी आरतीच्या आधी पंधरा मिनिटं फिरवत बसलो होतो. समईच्या दोन वाती चालतात. तिसरी लावली की फाटक पडतं.